तीन बार आणि एक झाकण

कांगास भावांच्या शिकारीच्या कॅम्पमध्ये, म्हणजे रानातल्या खोपटात, चुलीमागच्या भिंतीवर शर्टांची शेपटं ठोकलेली होती. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक जेवणाआधी कात्रीने कापायचं, त्यावर कोळशाने नाव आणि साल लिहायचं आणि खिळा मारायचा, हा आमच्या भागातला जुना रिवाज. लाल-काळ्या चौकटींची शेपटं, हिरवी शेपटं, एक तर निळ्या फुलांचंसुद्धा होतं. ते कुणाचं हे मी सांगणार नाही, कारण त्याची मुलगी आता गावात डॉक्टर आहे.

तौनो कांगासचं शेपूट मात्र त्या भिंतीवर नव्हतं.

तौनो हा दोघा भावांतला थोरला. लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा, चालताना डहाळीसुद्धा न मोडणारा माणूस. हरीण दिसलं तरी तो लगेच बंदूक उचलत नसे. हरणाच्या मागे काय आहे ते पाहायचा, मध्ये फांदी आहे का ते पाहायचा, आणि मनात जरा जरी शंका आली तर हरणाला जाऊ द्यायचा. म्हणून त्याचा बार एकच असे. हंगामात सेडरच्या झाडांच्या दलदलीकडून एक बार वाजला आणि पुढे शांतता पसरली, की गावातली माणसं म्हणत, "तौनोचं काम झालं." दुसरा बार त्याने कधी काढलाच नव्हता.

धाकटा सुलो याच्या अगदी उलट. भिंतीवर त्याची स्वतःचीच इतकी शेपटं होती की बायकोने त्याला शर्ट शिवून देणं सोडून दिलं होतं. पण तो खदखदून हसायचा, दुसऱ्याला हसवायचा, आणि आयुष्यात त्याची एकच इच्छा राहिली होती: दादागिरी न करता दादा झालेल्या या भावाचं एक तरी शेपूट भिंतीवर लागावं. त्यासाठी त्याने मधोमध एक जागा रिकामी ठेवली होती. तिथे खिळासुद्धा आधीच मारून ठेवला होता. तौनो त्या खिळ्याला आपली टोपी अडकवायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती झाकणाची. कॅम्पच्या दाराबाहेर एक मोठं पत्र्याचं झाकण टांगलेलं असे. ते सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, पाणी तापवायच्या भांड्याचं. भांडं कधीच गळून गेलं, झाकण राहिलं. रानातून एकापाठोपाठ एक असे बरेच बार ऐकू आले की कॅम्पवर जो कुणी असेल त्याने लोखंडी पळीने ते झाकण बडवायचं. थंड, कोरड्या हवेत तो आवाज पार दलदलीपर्यंत जाई. अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: ऐकलं हो, कात्री तयार आहे.

माझा नवरा त्या कॅम्पचा तिसरा भागीदार होता. तो गेल्यावर त्याची खाट रिकामी राहिली, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी दुपारच्या पॅस्ट्या माझ्याच घरून जायच्या. मांस, बटाटा, कांदा आणि पिवळा सलगम भरलेली पॅस्टी. दिसायला करंजीसारखी, आकाराने बुटासारखी. मी गावच्या शाळेत शिक्षिका होते. उन्हाळ्यात मुलांना बंदुकीची शिस्तही शिकवायची, कारण त्या वर्गाचा दाखला असल्याशिवाय नव्या माणसाला शिकारीचा परवाना मिळत नसे. त्यामुळे कांगास भावांसकट सगळे मला "बाई" म्हणत.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या वर्गात रॉडनी बसला होता. तौनोची मुलगी मर्ना, तिचा हा नवरा. आमच्या भागाला दक्षिणेकडच्या शहरांशी जोडणाऱ्या मोठ्या पुलाच्या खालच्या बाजूला, शहरात वाढलेला. आमच्याकडे तिकडच्या माणसांना गमतीने, परीकथेतल्यासारखे, पुलाखालचे राक्षस म्हणतात. हा राक्षस तिसरी-चौथीच्या पोरांमध्ये छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा आणि सगळं मन लावून ऐकायचा. पोरं त्याला पेन्सिली उसन्या मागायची.

"रानात अडकलात, पडलात, वाट चुकलात, तर काय कराल?" मी वर्गात विचारायची.

"तीन बार!" पोरं ओरडायची.

"कसे?"

"सारखे सारखे अंतर ठेवून!"

"कुठे?"

"जमिनीत! आभाळात नाही, गोळी कुठे पडेल सांगता येत नाही!"

"आणि ज्याने ऐकलं त्याने?"

"एक बार! म्हणजे त्याला कळेल!"

बाकावर मी पट्टीने वाजवून दाखवायची. टक्. मग एक श्वास. टक्. एक श्वास. टक्. घाबरलेला माणूस भराभर वाजवतो, म्हणून श्वास घ्यायला शिकवायचं. हरणामागे बंदूक रिकामी करणाऱ्याचे बार वेगळे असतात, तेही वाजवून दाखवायची: टक्-टक्... टक्. धावणाऱ्या पायांसारखे. पोरांना हा खेळ फार आवडे. डोळे मिटून ओळखायचं, हरीण की मदत. रॉडनीही डोळे मिटायचा.

मी सांगतेय त्या वर्षी हंगाम उघडला तो चांगल्या थंडीत. रात्री बर्फ पडून थांबलं होतं. मी पॅस्ट्या घोंगडीत गुंडाळून, कॉफीचा थर्मास भरून गाडी कॅम्पच्या वाटेवर घातली, तेव्हा सूर्य झाडांच्या वर आला होता. अंगणात आडव्या दांडीला एक मोठा नर टांगलेला दिसला. त्याच्या शेजारी सुलो ओट्यावर बसून दगडावर कात्रीला धार लावत होता. मला पाहताच तो उठून नाचायलाच लागला.

"बाई! या, या, या! आज पॅस्टी उभ्याने खायची. आज सण आहे!"

"हरीण तुझं का?"

"माझंच. उजाडता उजाडता आलं, एका बारात पडलं. पण ते राहू दे हो, हरणाचं काय! तौनो चुकला!"

"काय सांगतोस?"

"चुकला! आपला तौनो! तीन बार, बाई! एक नाही, दोन नाही, तीन! मी आणि जावईबापू हे धूड ओढून आणून नुकते कॉफी प्यायला बसलो होतो, तोच दलदलीकडून आले. रॉडनी, सांग की बाईंना!"

रॉडनी दारात उभा होता. हातात पळी होती. तो हसला, पण ते हसू अर्धवटच राहिलं.

"मागच्या वर्षी ह्याचं शेपूट कापलं तर किती दिवस तोंड फुगवून बसला होता," सुलो म्हणाला. "आज मी म्हटलं, घे पळी, आज झाकण तू वाजव. आता तू घरचा झालास. काय बडवलंय म्हणून सांगू, बाई! खिडक्या हादरल्या!"

"केव्हाची गोष्ट ही?"

"सकाळची. कॉफीच्या वेळची. दोनदा भांडं झालं त्यानंतर कॉफीचं."

मी गाडीतून पॅस्ट्या काढत होते. त्या हातात घेऊन आत गेले, टेबलावर ठेवल्या. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याखाली सुलोने आधीच कोळशाचा तुकडा आणून ठेवला होता. सगळं अगदी तयार होतं.

"अजून आला नाही तो?" मी विचारलं.

"येईल कशाला! लाजलाय. बसला असेल मचाणावर तोंड लपवून. अंधार पडल्याशिवाय यायचा नाही बघा."

"इतका वेळ?"

"अहो बाई, चाळीस वर्षं वाट पाहिली मी. म्हाताऱ्याला थोडं लाजू द्या की."

मी मफलर सोडायला लागले होते, तो तसाच राहू दिला. वर्गात जो प्रश्न मी शंभरदा विचारला होता, तो आपोआप तोंडातून आला.

"कसे वाजले?"

"कसे म्हणजे? बंदुकीसारखे वाजले."

"वाजवून दाखव."

सुलोला नकला करायला कुणी सांगावंच लागत नसे. तो टेबलाशी आला, कात्री उलटी धरली, मला डोळा मारला, आणि तौनोसारखं गंभीर तोंड करून कात्रीच्या मुठीने टेबलावर वाजवलं.

टक्.

थांबला. मान हलवली.

टक्.

पुन्हा थांबला. ह्या वेळी मान हलवली नाही. हात वर गेला आणि वरच राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्याचं हसू ओठांवर तसंच होतं, पण डोळे मात्र टेबलाकडे पाहत होते, जणू टेबलानेच त्याला काहीतरी सांगितलं होतं. तिसरं टक् त्याने वाजवलंच नाही. कात्री त्याच्या हातातून खाली पडली.

"बाई," तो म्हणाला. "सारखे होते."

चुलीवर कॉफी उकळत होती. ज्या माणसाने आयुष्यात दुसरा बार काढला नाही, त्याचे तीन ऐकून ही दोन शहाणी माणसं नाचली होती. आणि ती काही वाईट माणसं नव्हती. तौनोवर जीव टाकणारी होती.

"मला वाटलं होतं," रॉडनी दारातून म्हणाला. आवाज इतका बारीक की मला आधी कळलंच नाही कोण बोलतंय. "डोळे मिटून ऐकल्यासारखे वाटले. मी विचारलंसुद्धा, तीन म्हणजे..."

"आणि मी म्हटलं, तीन म्हणजे तीनदा चुकला," सुलो म्हणाला.

"मग मी गप्प बसलो. म्हटलं, हसतील. वर्गातला पोरगा म्हणतील." त्याने हातातल्या पळीकडे पाहिलं. "बाई, झाकण मी वाजवलंय."

"ते नंतर," मी म्हटलं. वर्गात एखादं पोर पडून रक्त आलं की माझा आवाज जसा खाली येतो, तसा तो आला. "आधी गाडी. हमरस्त्यावरच्या दुकानात जा, फोन कर. अँब्युलन्स कॅम्पच्या वाटेला आण आणि तिथेच थांब, नाहीतर त्यांना वळण सापडायचं नाही. माणूस पडलाय म्हणून सांग."

"पडलाय असं कशावरून म्हणता?"

"पडला नसेल तर देवाचे आभार मानू. जा."

तो पळाला. सुलो बंदूक घेऊन आधीच बाहेर होता. मी खाटांवरची घोंगडी ओढली, थर्मास घेतला. अंगणात हरीण ओढायची पसरट घसरगाडी पडली होती. तिच्यात सकाळच्या नराचं रक्त गोठलेलं होतं. सुलोने ती उचलली, रक्त पाहिलं, आणि आपल्या कोटाची बाही घेऊन ते पुसायला लागला. घासघासून पुसायला लागला.

"सुलो, राहू दे."

"ह्यात झोपवायचं त्याला?"

"राहू दे. चल."

वाटेवर तौनोची पहाटेची पावलं होती, सरळ रेषेत गेलेली, एकासारखं एक. त्यांच्यावर पाय ठेवत आम्ही चाललो. मी धावू शकत नव्हते, सुलो धावायचा आणि वळून माझ्यासाठी थांबायचा. दलदलीच्या तोंडाशी आल्यावर मी त्याला म्हटलं, "बार काढ. एक. जमिनीत."

त्याने बर्फाच्या ढिगात बार काढला. आवाज सेडरच्या झाडांतून गेला आणि विरला. आम्ही ऐकत राहिलो.

काही आलं नाही.

"ऐकू गेलं नसेल," सुलो म्हणाला.

तिथून मचाण फार लांब नव्हतं.

"बाई, सकाळी त्याच्याकडून निघालेलं सगळं आम्हाला ऐकू आलं. मग आता आमचं त्याला..."

"चल, सुलो."

मचाण एका जुन्या सेडरवर होतं, दोघा भावांनी तरुणपणी बांधलेलं. खोडाला ठोकलेल्या फळ्यांची शिडी. वरून तिसरी फळी एका बाजूने सुटून लोंबत होती. खाली बर्फ तुडवलेलं, खरवडलेलं. आणि झाडाच्या बुंध्याशी सेडरच्या फांद्यांचा एक ढीग, त्यातून शिकारीच्या नारिंगी टोपीचं टोक दिसत होतं.

सुलो जिथे होता तिथेच थांबला. घसरगाडीची दोरी त्याच्या हातात होती, ती त्याने सोडली नाही आणि तो पुढेही गेला नाही.

मीच गुडघ्यांवर बसले आणि फांद्या बाजूला केल्या. तौनोचा चेहरा मेणासारखा होता. भुवयांवर त्याच्याच श्वासाचं दव गोठलं होतं. एक पाय नको तिकडे वळलेला. मी हातमोजा काढून त्याच्या मानेवर बोटं ठेवली. थंडीने माझीच बोटं बधिर झाली होती, काही कळेना. मग त्याच्या नाकापाशी गाल नेला. गालाला ऊब लागली. अगदी थोडी, काडी विझल्यावर बोटाला लागते तेवढी.

"आहे," मी म्हटलं. "सुलो, आहे तो. ये इकडे. त्याचे हात घे, तुझ्या काखेत धर. कोट उघड, आत धर. चोळू नकोस. नुसते धर."

काम सांगितल्यावर सुलो आला. रडत नव्हता. आम्ही घोंगडी टाकली. ओंडक्यावर बंदूक आडवी ठेवलेली होती, काडतूस भरायचं तोंड उघडं, आत काही नाही. तिच्या शेजारी तीन रिकामी काडतुसं ओळीने उभी केलेली, आणि थोड्या अंतरावर दोन भरलेली, तीही उभी. वर्गात मी मुलांना सांगते तशी नीटनेटकी.

ती दोन भरलेली काडतुसं पाहून मला काही समजेना. ज्याचा जीव जातोय त्याने ती वाचवून का ठेवावी?

तौनोने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. ओठ हलायला वेळ लागला.

"इतका वेळ?" तो म्हणाला.

सुलोने त्याचे हात कोटात आणखी आत ओढले.

"झाकण तर लगेच वाजवलंत," तौनो म्हणाला. एकेक शब्द उचलून ठेवावा तसा. "म्हटलं, ऐकलं. म्हटलं, निघाले. बंदुका आत खुंटीला असतील, हाताला झाकण आलं असेल. मग बंदूक रिकामी केली. तुम्ही समोरून येणार... भरलेली कशाला ठेवायची."

"तौनो," सुलो म्हणाला.

"मग कुणी येईना. पुन्हा भरावी म्हटलं, तर बोटं वळेनात."

"तौनो, अरे, आम्हाला वाटलं... आम्हाला वाटलं तू चुकलास."

तौनोने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यात नुसतं आश्चर्य होतं, लहान मुलाला कुणी विनाकारण ढकलल्यावर असतं तसं.

"मी?" तो म्हणाला. "तीनदा?"

आणि त्याने डोळे मिटले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शिडीचीच फळी लावून पाय बांधला. सुलो दोरी खांद्यावर घेऊन ओढत होता, मी मागून ढकलत होते, आणि सारखं बोलत होते, काहीही, शाळेतल्या पोरांची नावं, पॅस्टीत काय काय घातलं ते, कारण त्याला झोपू द्यायचं नव्हतं. सलगम म्हटल्यावर तो पुटपुटला, "कमी घाला." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की जगेल.

सुलो मात्र एक शब्द बोलला नाही. बोलून बोलून माणसांना जेरीस आणणारा हा माणूस, त्याच्या पाठीकडे पाहून मला भीती वाटायला लागली.

रॉडनीने अँब्युलन्स अगदी अंगणापर्यंत आणली होती. तिच्यातून एक तरुण बाई उतरली, तिने एका नजरेत सगळं पाहिलं आणि कामाला लागली. ओला शर्ट अंगाला चिकटून गोठला होता. "हा काढावा लागेल," ती म्हणाली आणि कमरेची कात्री काढून तिने तौनोच्या शर्टाचं खालचं टोक धरलं.

तिला बिचारीला काय ठाऊक! तिने कापायला सुरुवात केली आणि सुलो ओरडला. शब्द नव्हते त्यात. जाळ्यात सापडलेलं जनावर ओरडतं तसा तो ओरडला आणि तिचा हात धरायला धावला. रॉडनीने त्याला मागून कवेत धरलं. पुलाखालचा तो राक्षस आणि माझा जुना दंगेखोर सुलो, दोघे बर्फात बसकण मारून एकमेकांना धरून राहिले, आणि कात्री करकर करत तौनोच्या पाठीवरून गळ्यापर्यंत गेली. लाल-काळा शर्ट दोन बाजूंना उघडला. तुकडे तिने बाजूला फेकले. अँब्युलन्स गेली. ते तुकडे अंगणात पडून राहिले, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही वाकून ते उचलता आले नाहीत.

तौनो जगला. मांडीच्या हाडात खिळे घालावे लागले, डाव्या पायाची दोन बोटं गेली. मी भेटायला गेले तेव्हा सुलो इस्पितळातल्या त्याच्या खाटेच्या पायथ्याशी बसला होता, टोपी हातात पिळत.

"बाई, ह्याला सांगा," तौनो म्हणाला, "असा प्रेतासारखा बसणार असेल तर घरी जाऊन बस म्हणावं."

"तूच सांग," मी म्हटलं.

"सांगितलं. ऐकत नाही. सुलो, तीन गोळ्या मी मातीच्या ढिगात मारल्या. तिन्ही ढिगाला लागल्या. मी चुकलो का?"

सुलोने मानेनेच नाही म्हटलं.

"मग शेपूट लागणार नाही. त्या पोरीने कापलेलं धरायचं नाही. खिळा माझ्या टोपीचाच."

"खिळा तुझाच," सुलो म्हणाला, आणि तेव्हा कुठे तो रडला. तौनोने त्याला रडू दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माझंही चुकलं, बाई. झाकणाचा अर्थ मला ठाऊक नव्हता का? जन्मभर मीच ते वाजवत आलो. पण तुम्ही लोक मी चुकलो असं समजाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

हे त्याने सुलोला ऐकू जाईल असंच सांगितलं. मला वाटतं भावाचं ओझं थोडं आपल्या खांद्यावर घ्यायला.

झाकण रॉडनीने त्याच दिवशी दाराबाहेरून काढलं. कुठे टाकलं ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. भिंतीवरची शेपटं आहेत. नवीही लागतात, पोरं हसतात, हसू देत. फक्त तीन बार वाजले की आता कॅम्पवर कुणी बोलत नाही. सगळे उठतात.

पण मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं. बर्फ वितळायला लागल्यावर एका सकाळी मी तौनोच्या घरी गेले होते. तो खिडकीपाशी खुर्चीत, पाय स्टुलावर. सुलो शेजारी. आता तो रोज यायचा. तौनोची बायको सायमा स्वयंपाकघरात मटणाचं सार ढवळत होती, आम्ही तिघं वेलदोड्याच्या पावाबरोबर कॉफी पीत होतो. सुलोने परत थोडं थोडं बोलायला सुरुवात केली होती. शेजाऱ्याच्या कुत्र्याची कसलीशी नक्कल करून दाखवत होता आणि तौनो मिशीत हसत होता.

तेवढ्यात सायमाच्या हातून भांड्याचं झाकण निसटलं. फरशीवर पडून ते खणखणत गोल फिरलं आणि थांबलं.

तौनोचं हसू गेलं. कप त्याने हळूच खाली ठेवला. मान वळवून खिडकीबाहेर पाहायला लागला, रस्त्याकडे, वाट पाहतो तसा. रस्त्यावर कुणी नव्हतं. तो पाहतच राहिला. बोटं मांडीवर चाचपडत होती, काहीतरी उघडून रिकामं करावं तशी.

"हे असं होतं त्याला," सायमा दारात येऊन हळूच म्हणाली. "झाकण पडलं की. मी जपते हो, पण..."

सुलोचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि परत यायचा नाही. तो उठलाही. दार उघडून बाहेर गेला. त्याचे बूट चिखलात फचफच वाजले, घराला वळसा घालून आले, आणि खिडकीच्या बरोबर समोर तो येऊन उभा राहिला, डोक्याला नारिंगी टोपी घालून. तौनोला दिसेल असा.

मग काचेवर त्याने बोटाने एकदाच वाजवलं. टक्.

"आलोय," काचेपलीकडून तो म्हणाला. "तौनो, आलोय मी."

तौनोने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. बोटं थांबली.

"ये मग आत," तो म्हणाला. "कॉफी गार होतेय."